खऱ्या अजगराचं म्यान

वामन पांढरीपांडे यांनी छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली आणि त्या छत्तीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एक कागद हरवला नाही. आता यात काय सांगण्यासारखं, म्हणाल. ज्यांनी एका दाखल्यासाठी बारा चकरा मारल्या असतील त्यांना विचारा. वामनराव कागद शोधून द्यायचे, वर अर्जातली चूक दुरुस्त करून द्यायचे आणि कुणाचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि साहेबांनी भाषणात त्यांचा उल्लेख दोनदा 'माधवराव' असा केला. कोणी दुरुस्त केलं नाही. वामनरावांनीही नाही.

बाहेरचं सोडा. घरातही त्यांची गणती होईल अशी काही वेळ आली नाही, कारण घरात आबा होते. आबा म्हणजे वामनरावांचे वडील, मुकुटबनकडचे जुने पटवारी. बंदूक बाळगणारे, मिशा पिळणारे, आणि बोलायला बसले की समोरच्याला जेवणाची शुद्ध राहू नये असे. अडुसष्ट साली त्यांनी जंगलात अकरा फुटी अजगर मारला होता. त्याच्या पोटातून बकरीचं पिल्लू निघालं, असं ते आधी सांगायचे. पुढे पिल्लाची बकरी झाली आणि नातू मोठा होईपर्यंत तिचा गोऱ्हा झाला. अजगराचं कमावलेलं कातडं पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवलेलं असायचं आणि दरवर्षी दसऱ्याला बाहेर निघायचं. यवतमाळच्या त्या तीन खोल्यांच्या घरात त्या दिवशी शेजारपाजारची पोरं जमत आणि सलील, वामनरावांचा एकुलता एक मुलगा, आजोबांच्या मांडीवर पाटलासारखा बसायचा.

सहा-सात वर्षांचा असताना याच सलीलनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "आजोबांनी अजगर मारला. बाबा, तुम्ही काय मारलं?"

"शिक्के," वामनरावांची बायको सुहासिनी आतून म्हणाली होती, आणि सगळे पोट धरून हसले होते. वामनरावही हसले. चांगला विनोद होता, नाही म्हणायची सोय नव्हती. पण काही विनोद माणूस हसतो आणि आयुष्यभर पचवत बसतो, त्यातलाच तो.

आबा गेले. सलील इंजिनीअर झाला, पुण्याला गेला, फोन पंधरा दिवसांनी एकदा, तोही आईला. वामनरावांच्या वाट्याला "बाबा बरे आहेत ना?" एवढंच यायचं, आणि "बरे आहेत" हे उत्तर सुहासिनीबाईच देऊन टाकायच्या.

निवृत्तीनंतर करायचं काय? बागेत फिरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या टोळीत ते चार दिवस गेले. तिथं प्रत्येकाचा मुलगा परदेशात होता आणि प्रत्येकाची साखर वाढलेली होती. पाचव्या दिवशी चपलेचा अंगठा तुटला म्हणून ते आर्णी रोडवर टिनाच्या छपराखाली बसणाऱ्या संजयकडे थांबले, आणि तिथंच बसले. संजय त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. बाप-आजा मोटा शिवायचे, बैलांचे पट्टे करायचे. विहिरींवर मोटार आली, शेतात ट्रॅक्टर आला, आणि संजयकडे उरली चप्पल. पण हात तोच होता. वामनराव तासभर त्याचा हात बघत राहिले. उद्या पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला शिकवशील?"

"कायले चेष्टा करता, साहेब?" संजय म्हणाला.

चेष्टा नव्हती. पहिलं झालं ते चष्म्याचं घर, आणि ते इतकं वाकडं की चष्मा आत जाईना. दुसरं बरं. तिसऱ्या वर्षी वामनरावांच्या हातचा कमरपट्टा संजयनं उलटापालटा करून पाहिला, टाका नखानं ओढला आणि म्हणाला, "आता हे माह्या बापालेही दाखवता आलं असतं." सरकारनं छत्तीस वर्षांत दिलं नव्हतं ते प्रमाणपत्र संजयनं एका वाक्यात दिलं. वामनराव घरी जाताना विनाकारण पेढे घेऊन गेले.

घरी मात्र कटकट. "पांढरीपांड्यांचा वामन चपला शिवायला बसला," असं नातेवाइकांत झालं. सुहासिनीबाईंनी कायदा केला की चामडं घरात येणार नाही. मागच्या दारी, पेरूच्या झाडाखाली काय ते करा, आणि आत येताना हातपाय धुऊन या. वामनरावांनी कायदा पाळला. ते कायदे पाळणारेच होते.

मग त्या वर्षीची दिवाळी आली. सलील चार दिवस आला. त्याला पुण्यात नवाच नाद लागला होता. शनिवार-रविवारी मित्रांबरोबर जंगलात तंबू ठोकायचा, लाकडं फोडायची, शेकोटीवर भात करायचा आणि त्याचे फोटो टाकायचे. आजोबांचं रक्त, असं तो स्वतःच म्हणायचा. कुण्या लोहाराकडून त्यानं हातानं घडवलेली सुरी मागवली होती, वीतभर पात्याची, शिंगाच्या मुठीची. वामनराव त्याला हौसेनं संजयच्या छपराखाली घेऊन गेले. आपल्या मास्तरला मुलगा दाखवावा आणि मुलाला मास्तर. सलील आधी जरा अवघडला. पण तिथं टांगलेले वामनरावांचे दोन पट्टे आणि एक पिशवी त्यानं पाहिली, हातात घेतली, आणि पाहतच राहिला.

"हे तुम्ही केलं, बाबा?"

"मंग कोनं?" संजय म्हणाला. "म्या तं सुईसुदिक नाई लावली त्याले."

सलीलनं पाठीवरच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली सुरी काढली. "बाबा, मला याचं म्यान करून द्याल? आणि ऐका ना, आजोबांच्या अजगराचं कातडं आहे ना पेटीत, ते मध्ये बसवा. नक्षीसारखं. एकदम जबरदस्त दिसेल."

पस्तीस वर्षांच्या पोरानं शाळेची फी सोडून बापाकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं.  वामनराव सुरीच उलटसुलट बघत राहिले आणि मग खाकरून म्हणाले, "माप घ्यावं लागेल."

माप संजयनं घेतलं, सुरी वामनरावांकडेच राहिली. पण सलील घरी निघून गेल्यावर तो म्हणाला, "साहेब, म्यान करा. पण ते कातडं नोका लावू. आमच्या गावचा एक जन घोरपडीच्या कातड्यापायी सा महिने अंदर राह्यला. जंगल खातं लई वाईट."

"अरे, माझ्याजवळ कागद आहे," वामनराव म्हणाले. "अडुसष्ट सालचा परवाना, आबांच्या नावाचा. मागे साहेबाच्या सहीनिशी शेरा आहे. अजगर एक, लांबी अकरा फूट."

"कागद असन. पण दाखवाची पाळीच कायले आनता?"

वामनराव हसले. कागदाला भिणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. ज्याच्याकडे कागद असतो त्यानं भ्यायचं नसतं, हे त्यांनी प्रत्येकाला खिडकीतून समजावलेलं होतं.

पेटीतलं कातडं खडखडीत झालं होतं. आठ दिवस एरंडेल चोळून त्यांनी ते मऊ केलं. पहिल्या दिवशी कात्री लावायला घेतली आणि परत खाली ठेवली, तो दिवस तसाच गेला. आबांची सगळी मिशी, सगळा दसरा त्या कातड्यात होता. दुसऱ्या दिवशी "आबा, नातवासाठीच आहे" असं चक्क मोठ्यानं म्हणून त्यांनी हातभर तुकडा कापला. आतून सुहासिनीबाईंनी विचारलं, कोणाशी बोलता हो?

म्यानाचं काम दिसतं तेवढं सोपं नसतं. जाड कातडं पाण्यात भिजवायचं आणि सुरीवर दाबून बसवायचं, म्हणजे वाळताना ते सुरीचाच आकार धरतं. म्यानाच्या पुढच्या-मागच्या दोन पानांच्या मध्ये कडेनं एक पट्टी घालायची, नाहीतर सुरी रोज आत-बाहेर होताना स्वतःचीच शिवण कापते. दर्शनी पानाला खिडकी पाडायची, तिच्याआड अजगराचं कातडं लावायचं, आणि त्याची कड रापीनं इतकी पातळ तासायची की वरून बोट फिरवलं तर सांधा लागू नये. मग टाका. आरीनं भोक पाडायचं, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि दोघी एकाच भोकातून समोरासमोरून जायच्या. "मशीनीचा टाका एक तुटला का सारं उसवते," संजय सांगायचा. "ह्याचा एक तुटला तं बाजूचा धरून ठेवते."

पहिल्यांदा खिडकीतलं कातडं उलटं लागलं. शिवून झालं होतं, दिसतही सुरेख होतं. संजयनं मुठीकडून टोकाकडे हात फिरवला आणि थांबला. "साहेब, खवले वर तोंड करून हायेत. हात खाली गेला का ते उठते. सा महिन्यात फुलारून येईन." रात्रंदिवस डोळे फोडून केलेलं काम. दुसरा असता तर म्हणाला असता, चालतंय की. वामनरावांनी सगळे टाके उसवले, आबांच्या कातड्यातून दुसरा तुकडा कापला आणि खिडकीची शिवण पहिल्यापासून घातली. डाव्या हाताची तर्जनी सुईनं चाळणी झाली. कोणी विचारलं की ते बोट दाखवून सांगायचे, "मुलानं मागितलंय."

हे वाक्य त्यांनी त्या दोन महिन्यांत किती जणांना सांगितलं असेल! दूधवाल्याला सांगितलं. पेन्शनच्या रांगेत सांगितलं. डॉक्टर बोटाला मलम लावत होता, त्याला न विचारता सांगितलं.

जानेवारीत सुरीसकट म्यान पुण्याला गेलं आणि दोन दिवसांनी सलीलनं फोटो टाकला. काळसर तपकिरी म्यान, मधल्या खिडकीत अजगराचे खवले चमकताहेत, भोवती दाण्यासारखा टाका. खाली लिहिलं होतं, 'आजोबांनी मारलेल्या खऱ्या अजगराचं कातडं. माझ्या बाबांनी हातानं शिवलेलं म्यान. आहे कुणाकडे?' हजारभर लोकांनी बदाम पाठवले. वामनरावांचं लक्ष बदामांकडे नव्हतं. 'माझ्या बाबांनी' या दोन शब्दांवर ते बोट ठेवून बसायचे, फोटो मोठा व्हायचा, पुन्हा लहान करायचे, पुन्हा बोट ठेवायचे. सुहासिनीबाई म्हणाल्या, "अहो, पुसून जाईल ते." पण त्याही हसत होत्या, आणि त्या आठवड्यात चामड्याच्या हातानं ते एकदा थेट स्वयंपाकघरात आले तर त्यांनी हातपाय धुवायला परत पाठवलं नाही.

हजारात एखादा असतोच. कुणीतरी तो फोटो वनखात्याला पाठवला.

फेब्रुवारीत एका सकाळी दारात जीप थांबली. अधिकारी तरुण मुलगी होती, अपेक्षा नावाची, खाकी कपड्यांत, बोलायला मऊ. तिच्याबरोबर पूनमसिंग नावाचा वनरक्षक होता, पिकल्या मिशांचा. अपेक्षा मॅडमनी मोबाइलवर फोटो दाखवला आणि विचारलं, "काका, हे तुम्ही बनवलं?"

"हो," वामनराव म्हणाले. त्यांना वाटलं, कौतुकाला आले. हसू नका, खरोखर वाटलं.

"यात अजगराचं कातडं आहे असं लिहिलंय. तक्रार आली आहे."

सुहासिनीबाई दारात तूर निवडत होत्या. त्या बाईंचं डोकं बघा. सूप खाली ठेवलं नाही, आवाज चढवला नाही. "अगं बाई, अजगर कुठला! रेक्झिन आहे ते. बाजारात वाटेल त्या नक्षीचं मिळतं. पोरानं आपलं मोठेपणा म्हणून लिहिलं झालं. आजकालची मुलं, तुम्हाला माहीतच आहे."

अपेक्षा मॅडम जरा विचारात पडल्या. पूनमसिंगनं घड्याळ पाहिलं. त्याला पुढे आणखी तीन गावं होती. "मॅडम, फोटोवरून थोडीच समजते," तो म्हणाला. मग वामनरावांकडे वळून, "काका, नकली असन तं नकली म्हना. दोन ओळी लिहून द्या, सही करा. पोराले सांगा, फोटू काढून टाक म्हना अन् एक डाव आनून दाखव. आमी चाललो."

मॅडमनी मान हलवली. दार उघडं होतं. अगदी सताड उघडं. दोन ओळी आणि एक सही, बस. ज्या माणसानं आयुष्यात लाखभर सह्या केल्या त्याला आणखी एक जड होती का?

पण रेक्झिन! वामनरावांच्या कानात तोच शब्द घुमायला लागला. दोन महिने. उसवलेले टाके. चाळणी झालेलं बोट. आणि रेक्झिन? दहा-दहा रुपयांच्या पाकिटाला लावतात ते? शिवाय आबा. म्हणजे आबा काय रेक्झिन मारून आले होते मुकुटबनच्या जंगलातून? आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्यांच्याजवळ कागद होता. कागद असताना खोटं लिहून द्यायचं, हे त्यांच्या हाडातच नव्हतं.

"रेक्झिन नाही," ते म्हणाले.

"अहो!" सुहासिनीबाई म्हणाल्या.

"तू थांब. मॅडम, आम्ही चोर नाही. सगळं कायदेशीर आहे. एक मिनिट." आणि ते आत गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला. सुहासिनीबाईंनी सूप खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उरलेलं कातडं आणि प्लास्टिकच्या पिशवीतला परवाना घेऊन वामनराव बाहेर आले आणि दोन्ही त्यांनी टेबलावर मांडलं. कागद सरळ करून, वाचणाऱ्याच्या बाजूला तोंड करून, जसा ते साहेबांपुढे मांडत.

अपेक्षा मॅडमनी परवाना पुढून वाचला. मागून वाचला. मग होती तशी घडी घालून तो परत टेबलावर ठेवला.

"काका," शेवटी त्या म्हणाल्या, "हे तुम्ही मला का दाखवलं?"

"म्हणजे?"

"दोन हजार तीन साली सरकारनं मुदत दिली होती. घरात असं जुनं कातडं, शिंग, काही असेल तर लिहून कळवा म्हणून. तुम्ही कळवलं होतं?"

नव्हतं. वामनरावांना माहीतच नव्हतं. दुसऱ्यांच्या मुदती सांभाळण्यात छत्तीस वर्षं गेली, आणि स्वतःच्या पेटीची मुदत वीस वर्षांपूर्वी निघून गेली होती. आणि आता त्यांच्याच कागदानं सिद्ध केलं होतं की कातडं खरं आहे, अजगराचं आहे, अकरा फुटांचं आहे आणि पांढरीपांड्यांच्या घरचं आहे. पंचनामा करायला पूनमसिंगनं शेजारच्या दोघांना बोलावलं. तो बिचारा लिहिताना खाली मान घालून पुटपुटत होता, "काहून आनला काका तो कागद, काहून आनला..."

कातडं जप्त झालं, परवाना जप्त झाला, आणि म्यान घेऊन मुलाला हजर करा, असं ठरलं.

सलील तिसऱ्या दिवशी आला. चेहरा उतरलेला. कंपनी त्याला जूनमध्ये कॅनडाला पाठवणार होती, त्यासाठी पोलिसांचा स्वच्छ दाखला लागत होता, आणि नावावर असला गुन्हा लागला तर सगळं मुसळ केरात. येताना तो पुण्यातल्या वकिलाकडून बापाच्या जबाबाचा मसुदा टाइप करूनच घेऊन आला होता. चहा होईपर्यंत थांबला, मग त्यानं तो पुढे सरकवला.

वामनरावांनी चष्मा लावला. पाच मुद्दे होते. कातडे वडिलोपार्जित असून माझ्या ताब्यात होते. ठीक. मुलाला त्याची माहिती नव्हती. वामनरावांनी वर पाहिलं, पुन्हा वाचायला लागले. तिसरा मुद्दा: 'सदर म्यान माझा मुलगा सलील याने मागितलेले नव्हते. मी ते माझ्या हौसेने तयार केले व त्यातील कातडे नकली असल्याचे सांगून त्यास दिले.'

"मागितलं कोणी होतं रे?" सुहासिनीबाई कडाडल्या. "दिवाळीत कोण म्हणालं, आजोबांचं कातडं बसवा म्हणून? मी काय बहिरी आहे? घरी आल्या आल्या मला तूच सांगितलंस ना!"

"आई, आत्ता तो मुद्दा आहे का?" सलीलचा आवाज चिरकला. "माझं पूर्ण करिअर जाईल. बाबांचं काय जाणार आहे? ते रिटायर्ड आहेत. वय बघून कोर्ट सोडून देतं, वकील म्हणालाय. आणि सगळं सुरळीत मिटत होतं तर कागद काढून कोणी दाखवला? मी?"

 हे खोटं असतं तर त्याला उत्तर देता आलं असतं.

वामनरावांनी मसुदा खाली ठेवला. "सलील, गुन्हा माझ्यावर घेतो. कातडं माझं, कात्री माझी, ते खरंच आहे. नकली सांगून दिलं, हेही लिहितो. फक्त हे जरा... मागितलं नव्हतं, हे लागतंच का?"

"लागतं. फोटोखालचं मोठेपणा म्हणून लिहिलं असं म्हणता येतं, पण मागितलं म्हटलं की मला माहीत होतं असं होतं. बाबा, एक वाक्य आहे हो."

एक वाक्यच होतं. ते खरंच आहे.

दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या कचेरीत वामनराव आणि सलील एका बाकावर बसले. सलीलनं म्यान टेबलावर ठेवलं. पूनमसिंगनं त्याला चिठ्ठी बांधली, दोरा गुंडाळून लाखेचा ठिपका दिला. अपेक्षा मॅडमनी जबाब मोठ्यानं वाचून दाखवला आणि तिसऱ्या मुद्द्यावर त्या थांबल्या.

"काका, मुलानं मागितलं नव्हतं?"

वामनरावांनी शेजारी पाहिलं. सलील आपल्या बुटांकडे बघत होता. पोटचा पोर, आजोबांचं रक्त, जंगलात शेकोटीवर भात करणारा. एकदा मान वर केली असती तरी पुष्कळ होतं. नुसती वर, बोलायला कोण सांगत होतं?

"विचार करून सांगा," मॅडम म्हणाल्या. "घाई नाही. एकदा लिहिलं की ते राहतं."

हे वामनरावांना कोणी सांगायला पाहिजे होतं का? लिहिलेलं राहतं आणि बाकी सगळं वाऱ्यावर जातं, हे त्यांच्याइतकं त्या खोलीत कोणाला ठाऊक नव्हतं.

"नाही मागितलं," ते म्हणाले. "माझीच हौस होती." आणि प्रत्येक पानावर सही केली. खाली 'वाचून पाहिले, बरोबर आहे' असं वळणदार अक्षरात लिहिलं. तारीख टाकली.

बाहेर आल्यावर सलील म्हणाला, "थँक्यू, बाबा." आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

गुन्हा वामनरावांवर लागला. जामीन झाला. तारखा पडतात, वामनराव जातात, व्हरांड्यात बसतात, पुढची तारीख घेऊन येतात. म्यान मुद्देमाल म्हणून तिथंच कुठंतरी कपाटात आहे. जूनमध्ये सलील कॅनडाला गेला. विमानतळावरून त्यानं फोन केला, या वेळी मुद्दाम बापाला. म्हणाला, "तब्येत सांभाळा. आणि ते चामड्याचं आता बंद करा, बाबा. शोभत नाही." सुहासिनीबाईंनी फोन हिसकावून घेतला आणि त्या काय बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. वामनराव मध्ये पडले, तिला म्हणाले, जाऊ दे.

पावसाळा सरल्यावर एक दिवस ते आर्णी रोडला गेले. पिशवीत रापी होती, आरी होती, सुया होत्या. संजयपुढे त्यांनी ती ठेवली. संजयनं पिशवीत डोकावलं आणि ती बाजूला सारली. त्यांच्यासाठी चहा मागवला. वामनरावांनी घेतला.

"पोट्टा पोचला सुखरूप?"

"पोचला."

"तुमाले फोन करते का?"

"करतो ना. आईला करतो."

संजयचा मग तोल सुटला. "साहेब, लहान तोंडी मोठा घास होते, पन सांगतो. पूनमसिंग इथं चप्पल शिवाले आलता, त्यानं सारं सांगतलं मले. तुमी असं कायले लिहून देल्लं? त्यानं मांगतलं होतं! इथंच, ह्या जाग्यावर, माह्यासमोर मांगतलं. म्या माप घेतलं त्याच्या सुरीचं. मले बोलवाचं होतं. म्या आलो असतो साक्षीले, कोटात उभं राहून सांगतलं असतं!"

रस्त्यानं ट्रक गेला. धूळ बसेपर्यंत वामनराव थांबले. चहा संपवून त्यांनी पेला नीट खाली ठेवला.

"नाही संजय," ते म्हणाले. "त्यानं मागितलं नव्हतं. मी लिहून दिलंय तसं."